डाव्या खांद्याचा डाग

गाडी आली की बेमा आधी माणसाकडे बघत नसे, सीटकडे बघत असे. माणूस काय सांगणार ते तिला पाठ होतं. लहान पोराने सांडलं, भाच्याने सांडलं, गाडी घेतली तेव्हापासूनच होतं. मी स्वतः सांडलं, असं सव्वीस वर्षांत तिला एकानेही सांगितलेलं नव्हतं, आणि आता कुणी सांगेल ही आशाही तिने सोडून दिली होती.

कुमासी शहरातल्या असोक्वा भागात, गाड्या धुण्याच्या जागेच्या मागे तिची पत्र्याची शेड होती. पुढे पुरुष मंडळी पाण्याचे फवारे मारून टपावरचा लाल फुफाटा उतरवत, आणि मागे बेमा एकटी, गुडघ्यांखाली उशी घेऊन, कुणाच्या तरी गाडीत अर्धी शिरून बसलेली असे. तिचा बाप राजवाड्यातल्या लोकांच्या चपला शिवायचा. चामडं कसं हाताळायचं ते ती त्याच्याकडून शिकली होती, आणि चिडायचं कसं तेही. फिकट चामड्यावर कुणी ब्रश घेऊन तुटून पडलेलं दिसलं की तिच्या कपाळाची शीर उठायची. डागांपेक्षा डाग काढणाऱ्यांनीच चामड्याची जास्त वाट लावली आहे, असं तिचं ठाम मत होतं.

मंगळवारी सकाळी क्वाकू दापा आपली गाडी घेऊन आला. जुनी, लांबलचक, पांढरी गाडी, आणि आत सगळीकडे सायीच्या रंगाचं चामडं. वीस वर्षं वापरलेली, पण पुढच्या दोन्ही सीट अशा राखलेल्या की बेमाने मनातल्या मनात मान डोलावली. मागची उजवी बाजू मात्र बघवत नव्हती. बैठकीवर आणि पाठीवर काळपट तांबूस डाग, मधेमधे पिवळे चट्टे, आणि सगळ्यावर कसलातरी तेलकट थर.

दापाबरोबर त्याची मुलगी होती, अबेना. शाळेत शिकवणारी, तिशीच्या आतली, तोंडावर बोलणारी. ती गाडीतून उतरली ती बापापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली, आणि बोलली ती फक्त बेमाशी. शनिवारी तिचं लग्न होतं. गाडी तिच्या आईची, म्हणजे केजेटियाच्या बाजारात कापड विकणाऱ्या बिरागोची. आईला जाऊन वर्ष झालं. वर्षाचा विधी तीन आठवड्यांपूर्वी उरकला, घरातलं काळं उतरलं, आणि मगच लग्नाचा दिवस धरला. आईच्या गाडीतून, आईच्या जागेवर बसून चर्चला जायचं, हे अबेनाने लहानपणापासून ठरवलेलं. आणि लग्नासाठी धुवायला म्हणून गाडी उघडली तर ही अवस्था.

"पापांनी आईची गाडी मयताला दिली," ती म्हणाली. "माम्पाँगच्या कुण्या चुलतभावाला. ते लोक काळी कापडं लेवून आईच्या जागेवर बसले. आईने आम्हाला या गाडीत कधी शेंगदाणा खाऊ दिला नाही, आंटी."

दापा मान खाली घालून किल्लीशी चाळा करत होता. 

अबेनाच्या मामाने दुसरी गाडी ठरवून ठेवली होती. मुलं आईच्या कुळाची, तेव्हा लग्न ठरवणार मामा आणि मांडवात मिरवणारही मामाच. बापाच्या वाट्याला तसंही थोडंच येतं. दापाच्या वाट्याला एवढंच आलं होतं, की मुलीला घरून चर्चपर्यंत त्याने न्यायचं. तेही आता या डागावर येऊन अडलं होतं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सीट नवरीच्या पांढऱ्या कपड्याला लायक झाली तर ती या गाडीत बसेल, नाहीतर मामाच्या. हे तिने बेमाला सांगितलं, बापाला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि समोरून भरून चाललेली ट्रोट्रो व्हॅन थांबवून ती शाळेला निघून गेली.

"रागीट आहे," बेमा म्हणाली.

"आईवर गेलीय," दापा म्हणाला, आणि हे सांगताना त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं.

बेमाने त्याला स्टुलावर बसवलं आणि सीटला आजवर काय काय लावलं ते विचारलं. आधी तो म्हणाला, काहीच नाही. मग म्हणाला, थोडं लिंबू आणि मीठ. मग आठवलं, कपडे धुवायची पावडर, तीही ब्रशने. मग कुणीतरी ब्लीच दिलं, पिवळे चट्टे त्याचे. मग जरासं रॉकेल. आणि एवढं सगळं झाल्यावर चामडं कोरडं पडलेलं बघून त्यालाच वाईट वाटलं, म्हणून अंगाला लावायचं शिया लोणी, चांगलं वाटीभर.

"सीट साफ करत होतात की मासा मुरवत होतात?" बेमा म्हणाली. "लिंबू झालं, मीठ झालं, लोणी झालं. मिरची तेवढी राहिली."

दापाने क्षणभर विचार केला. "मिरचीने निघतो का, ताई?"

 बेमाने उशी घेतली आणि मागच्या दारातून आत शिरली.

रंग तिच्या ओळखीचा होता. मयताला पुरुष जे कुंतुनकुनी कापड लेतात त्याचा हा रंग. झाडाच्या मुळ्यांच्या सालीच्या काढ्यात पुन्हा पुन्हा बुडवून ते काळपट तांबडं करतात, आणि मग त्याला पाणी लावत नाहीत. दुःखाचं कापड कुणी धूत नाही. फिकं पडलं तर रंगाऱ्याकडे पुन्हा बुडवायला देतात. त्यामुळे जास्तीचा रंग कापडातच राहतो, आणि घाम आला, उन्हाने गाडी तापली, की शेजारी जे फिकट सापडेल त्यावर उतरतो. शनिवारी मयतं आणि सोमवारी बेमाकडे गाड्या, हे ठरून गेलेलं होतं. पण त्या गाड्यांची मागची सीट या टोकापासून त्या टोकापर्यंत माखलेली असते. मयताला जाताना कुणी ऐसपैस बसत नाही, चौघं चौघं दाटीने कोंबून घेतात.

इथे डाग होता एका माणसापुरता. पाठीवर तो फक्त डाव्या खांद्याच्या जागी होता. उजव्या खांद्याच्या जागी रंगाचा ठिपकाही नव्हता, नुसती अंगाच्या तेलाची चकाकी. इकडचे पुरुष कापड घेतात ते डाव्या खांद्यावरून, उजवा उघडा ठेवून. म्हणजे बसलेला पुरुष होता. बैठकीवरचा रंग मागे कमी आणि पुढच्या काठाला जास्त, खिडकीच्या अंगाला तर अगदी गडद. म्हणजे तो नुसता टेकून झोपत नव्हता, अधूनमधून पुढे सरकून खिडकीबाहेर बघत बसत होता. बेमाने ओल्या फडक्याची कड बोटावर घेऊन एका जागी हळू फिरवली. रंग पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होता. एक थर रंगाचा, त्याखाली हिवाळ्यातल्या कोरड्या हरमॅटन वाऱ्याची पिठूळ धूळ, तिच्याखाली पुन्हा रंग, त्याखाली आणखी जुना रंग. एका मयताचा डाग असा नसतो.

ती बाहेर आली आणि हात पुसत दापासमोर उभी राहिली.

"तुमचा माम्पाँगचा चुलतभाऊ वर्षभर मयताला जात होता का, भाऊ? रोज? आणि एकटाच?"

दापाने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पुढच्या बाजूचा पाण्याचा पंप बंद झाला. मग त्याने सांगितलं.

तरुणपणी तो टॅक्सी चालवायचा. एके दिवशी बाजारातून एक बाई कापडाचे तीन गठ्ठे घेऊन मागच्या सीटवर येऊन बसली, आणि गठ्ठे नीट न ठेवल्याबद्दल तिने त्याला घर येईपर्यंत फैलावर घेतलं. ती बिरागो. लग्न झालं, पुढे तिच्या कमाईतून ही गाडी आली, तरी ती पुढे म्हणून बसली नाही. मी पुढे बसले तर तू रस्ता सोडून माझ्याकडे बघशील, म्हणायची. लोक त्याला बायकोचा ड्रायव्हर म्हणून चिडवत, आणि तो चिडत नसे. रोज दुपारी चार वाजता तो बाजाराच्या फाटकाशी गाडी लावायचा, ती आली की दार उघडायचा आणि विचारायचा, "कुठे सोडू, मॅडम?" ती म्हणायची, "तू राहतोस तिथेच." आधी टॅक्सीत, मग या गाडीत, सत्तावीस वर्षं हे रोज चाललं, आणि दोघांपैकी एकालाही त्याचा कधी कंटाळा आला नाही.

तिला पुरल्यावर आठव्या दिवशी चार वाजता तो काही न ठरवता फाटकाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच.

"आरशात मागची सीट रिकामी दिसायची, ताई," तो म्हणाला. "म्हणून मी मागे जाऊन बसलो. मागे बसलं की ती रिकामी दिसत नाही."

तासभर तो तिथे बसायचा, बायका माल आवरायला लागल्या की पुढे येऊन घरी जायचा. अंगावरच्या कापडाचा रंग चामड्यावर उतरेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. वर्षाचा विधी झाला, काळं उतरवून साधा शर्ट घालून तो बसायला गेला, तेव्हा त्याला डाग दिसला. लिंबू, मीठ, रॉकेल त्यानंतरचं. मुलीने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून माम्पाँगचा चुलतभाऊ निघून गेला.

बेमा म्हणाली, हे सगळं मुलीला सांगायला हवं. आजच.

"नको," दापा म्हणाला. "बासष्ट वर्षांचा बाप बाजारात मागच्या सीटवर बसून रडतो, हे तिला लग्नाच्या आठवड्यात कशाला? चिडलीय तर चिडू दे. चिडणं चार दिवसांत उतरतं. माझी कीव आली तर ती नाही उतरायची. तुम्ही तोंड उघडणार नाही, असा शब्द द्या."

बेमाला शब्द देणं आवडत नसे, कारण मग तो पाळावा लागतो. पण समोरचा माणूस असा बघत होता की तिने दिला.

मग कामाला लागली. आधी तिने बैठकीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी प्रत्येक औषधाचा थेंब लावून चामडं काय म्हणतं ते बघितलं. मग कसाव्याच्या कंदाचं पीठ डागावर जाड पसरून रात्रभर ठेवलं, दापाचं वाटीभर लोणी शोषून घ्यायला. बुधवारी सकाळी ते पीठ पिवळं होऊन निघालं. मग साबणाचा नुसता फेस, पाणी नाही. घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश, तोही दाब न देता, आणि लगेच पांढऱ्या फडक्याने टिपून घ्यायचं. फडक्याची घडी प्रत्येक वेळी बदलायची, नाहीतर काढलेला रंग परत तिथेच बसतो. जिथे फेसाने ऐकलं नाही तिथे कापसाच्या बोळ्यावर स्पिरिटचा थेंब, एकदाच फिरवून उचलायचा. चट्ट्यांच्या जागी ब्लीचने चामड्यावरचा लेपच खाल्ला होता, तिथे रंग आत शिरला होता. तिथे ती तळहाताएवढ्या जागेवर तासतासभर बसली.

दापा दोन्ही दिवस स्टुलावर बसून होता. बेमाने त्याला फडकी धुवायला लावली, आणि ती पांढरीशुभ्र होईपर्यंत परत परत धुवायला लावली. त्याने एकदाही कुरकुर केली नाही. मंगळवारी तो साडेतीनलाच निघून गेला होता. बुधवारी चार वाजायला आले तसा तो अस्वस्थ झाला. उठला, रस्त्याकडे बघून आला, बसला, पुन्हा उठला. शेवटी त्याने विचारलं, तासाभरासाठी ट्रोट्रोने जाऊन येऊ का. कुठे ते बेमाला विचारावं लागलं नाही. गाडी इथे शेडमध्ये, आणि हा माणूस गाडीविना जाऊन फाटकाशी उभा राहणार. बेमाला त्या वेळी त्याचं इतकं वाईट वाटलं की परत आल्यावर तिने त्याला कारण नसताना झापलं. फडकं वाकडं वाळत घातलंत म्हणाली.

गुरुवारी दुपारपर्यंत बैठक साफ झाली. पिवळ्या चट्ट्यांवर तिने रंग कालवून लेप दिला, तो असा मिसळला की तिचं तिलाच शोधावं लागलं. पाठही निघाली. राहिली ती डाव्या खांद्याची जागा. वर्षभर एकाच खांद्याने एकाच जागी घासून तिथलं चामडं मऊ पडलं होतं, आणि रंग खोल गेला होता. फिकट, तांबूस, तळव्याएवढी एक सावली. ती काढायला आणखी एक दिवस हवा होता.

साडेतीनला अबेना शाळेतून आली. तिने दार उघडलं आणि तिचा चेहरा उजळला. बैठकीवरून हात फिरवला, शिवणीत नख घालून बघितलं. आईने शिकवलेली तपासणी असणार. मग तिचा हात पाठीवर गेला आणि खांद्याशी थांबला.

"हे?"

"हे उद्या," बेमा म्हणाली. "शुक्रवार आहे अजून हातात."

"आंटी, तुम्ही पुष्कळ केलंत. पण मी गुरुवार म्हटलं होतं." ती बेमाशीच बोलत होती, पण आवाज पुन्हा मोठा झाला होता. "मी मामाला सांगते, त्याचीच गाडी राहू दे. तसंही या सीटवर बसले की मला ते मयताचे लोकच आठवणार."

दापा धुतलेल्या फडक्यांची घडी घालत होता. ती घडी त्याने मोडली आणि पुन्हा घातली.

बेमाने त्याच्याकडे बघितलं, अबेनाकडे बघितलं, आणि मग शेडमधल्या घड्याळाकडे बघितलं. ती म्हणाली, ठरवायचं ते ठरव, पण माझं काम तपासल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. सीटवर ओलसर पांढरं कापड घालायचं, त्यावर बसायचं, गाडी उन्हात तापू द्यायची. रंग सुटत असेल तर कापडावर येतो. यात खोटं काही नव्हतं, ही चाचणी ती प्रत्येक फिकट सीटची करायची. एरवी गाडी शेडपुढच्या उन्हात लावून ती स्वतःच वर बसायची. जिला बसायचंय तिनेच बसावं लागतं आणि गाडी फिरवावीच लागते, हे मात्र तिने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं.

"आणि मला केजेटियाला थोडं काम आहे," ती म्हणाली. "तिकडूनच जाऊ."

दापाने तिच्याकडे असं बघितलं की दगडालाही दया आली असती. बेमाने तोंड उघडलं नाही. शब्द म्हणजे शब्द.

बेमा पुढे बसली. मागे अबेना, ओल्या पांढऱ्या कापडावर, ताठ.  बाजाराजवळ नेहमीची कोंडी होती, माणसं आणि गाड्या आणि डोक्यावरची घमेली सगळी एकमेकांत घुसलेली. फाटकाशी उभं राहायलाही जागा नव्हती. फक्त एका संत्रीवालीच्या टेबलापासून कांद्याच्या पोत्यांपर्यंत एका गाडीपुरती जागा मोकळी होती, आणि ती कुणी बळकावू नये म्हणून तिथे एक उलटी टोपली ठेवलेली होती. पांढरी गाडी दिसताच संत्रीवालीने टोपली उचलली. दापाने गाडी त्या जागेत घातली आणि इंजिन बंद केलं. चार वाजले होते.

संत्रीवालीचं नाव फोफी. तिने एक सोललेलं संत्रं घेतलं, चोखता यावं म्हणून वरचा भाग कापला, आणि इकडेतिकडे न बघता, रोजच्या सवयीने, मागच्या खिडकीतून हात आत घातला.

"घे, ड्रायव्हर. दोन दिवस गाडी कुठे होती? उन्हात नुसता उभा राहिलास."

हातात संत्रं घेतलं ते अबेनाने. फोफी वाकली, आत बघितलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"अगं बाई. तू बिरागोची मुलगी ना? किती तिच्यासारखी दिसतेस." मग तिने पुढे बघितलं. "आणि तू आज पुढे कसा?"

दापा स्टिअरिंग धरून समोर बघत होता. फोफीला काय लपवायचं आहे ते माहीतच नव्हतं, त्यामुळे तिने काही लपवलं नाही. तुझा बाप रोज येतो, तिने अबेनाला सांगितलं. वर्ष झालं. चारला येतो, पुढून उतरतो आणि मागे, तू बसलीस तिथे, येऊन बसतो, फाटकाकडे बघत. सुरुवातीला आम्हाला बघवायचं नाही. मग आम्हीच म्हणायला लागलो, काय ड्रायव्हर, मॅडमची जागा गरम करून ठेवली का. कधी हसतो. ज्या दिवशी हसत नाही त्या दिवशी आम्ही दोन संत्री देतो.

एवढं सांगून फोफी गिऱ्हाइकाकडे वळली.  अबेनाच्या हातातलं संत्रं पाझरत होतं, आणि तिने तो हात आपसूक खिडकीबाहेर धरला होता, सीटवर थेंब पडू नये म्हणून. तिच्या डोळ्यांतून मात्र पाणी गळत होतं आणि त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. खारं पाणी चामड्याला वाईट. बेमाने आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला काही म्हटलं नाही.

"पापा," अबेना म्हणाली. "माम्पाँगचा चुलतभाऊ कोण?"

"कुणी नाही," दापा म्हणाला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तूही तिच्यासाठीच रडत होतीस. त्यात माझं आणखी कुठे घालू?"

अबेनाने मागे हात नेऊन पाठीवरच्या त्या तळव्याएवढ्या जागेवर ठेवला. मग वाकून बापाच्या डाव्या खांद्यावर ठेवला. दापाचा खांदा हलायला लागला, आणि बेमा उगाचच बाहेरच्या कांद्यांकडे बघत बसली. तिचेही डोळे ओले झाले होते, आणि कांद्यांवर ढकलता येईल एवढे ते कांदे जवळ नव्हते.

बऱ्याच वेळाने अबेनाने नाक पुसलं. "आंटी, हा डाग उद्या पूर्ण निघायला हवा."

"राहू दे की," दापा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आता तुला माहीत झालंय ना."

"नाही. आई असती तर असला डाग तिने एक दिवस ठेवला नसता. तुम्हालाच घासायला बसवलं असतं."

"ब्रशने नको," बेमा घाईने म्हणाली, आणि तिघंही हसले, नाकातून, डोळ्यांतून, जसं जमेल तसं.

परत शेडवर आल्यावर बेमाने पांढरं कापड उचलून उन्हाकडे धरलं. त्यावर रंगाचा कणही नव्हता.

शुक्रवारी तिने दिवसभर ती एकच जागा केली. संध्याकाळी उरलेल्या पुसटशा छटेवर पाच वेळा रंग कालवून, पाचव्या वेळी मनासारखा झाला तो लेप दिला, आणि दापाला बोलावून डाग कुठे होता ते ओळखायला सांगितलं. त्याला ओळखता आलं नाही. तो बराच वेळ बघत राहिला.

शनिवारी सकाळी बेमा शेवटचा हात फिरवायचा म्हणून त्यांच्या घरी गेली. फडकं घेऊन गेली होती, पण अंगावर ठेवणीतलं कापड होतं, तेव्हा ती कशाला आली आहे ते सगळ्यांना कळलं. मामाची काळी गाडीही दारात उभी होती, तिच्यात आता आत्या-मावश्या कोंबल्या होत्या. दापाने सणासुदीचं केंटे कापड घेतलं होतं, पिवळं-हिरवं, डाव्या खांद्यावरून. त्याचा रंग जातो का ते बेमाने ओल्या बोटाने घासून बघितलं, तेव्हाच त्याला स्टिअरिंगपाशी जाऊ दिलं.

अबेना बाहेर आली. बायकांनी गाणं धरलं. ती पांढरा घेर गोळा करत मागच्या उजव्या बाजूला बसली, आईच्या जागेवर, आणि पाठ टेकली. दापाने दार लावलं, वळसा घालून तो पुढे येऊन बसला, किल्लीवर हात ठेवला, आणि वर आरशात बघितलं.

तो तसाच बसून राहिला. मामा पुढून ओरडला, उशीर होतोय. गाणं संपलं. दापाचा हात किल्लीवरच होता आणि किल्ली फिरत नव्हती. 

"ड्रायव्हर," अबेना मागून म्हणाली.

 "कुठे सोडू, मॅडम?"

"आज चर्चला," ती म्हणाली. "आणि सोमवारपासून शाळेच्या फाटकाशी ये. शाळा तीनला सुटते, पण मी चारपर्यंत थांबेन. तिथून तू राहतोस तिथेच."

दापाने आरसा थोडा सरळ केला आणि गाडी सुरू केली.